भरलेल्या टाकीमागचा गोलकीपर

गोलकीपरला शिव्या घालणं सगळ्यात सोपं. पुढचे खेळाडू संधीवर संधी घालवतात, त्यांना कुणी काही बोलत नाही. गोलकीपरच्या हातून एक चेंडू सुटला की तो मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. हे झालं मैदानातल्या गोलकीपरचं. मी पडद्यावरचा गोलकीपर. माझ्या हातून चेंडू सुटतसुद्धा नाही, कारण तो येऊन गेलेला असतो. जाळी हलते, समोरचे नाचायला लागतात आणि त्यानंतर माझा माणूस सावकाश उडी मारतो. बटण मी वेळेवर दाबलेलं असतं. हे शपथेवर सांगितलं तरी लोक हसतात, म्हणून शेवटी एकदा लिहून टाकतोय.

आम्ही कॉलेजातले सहा मित्र. फुटबॉलचा एक ऑनलाइन गेम खेळतो. प्रत्येकाने एकेक खेळाडू सांभाळायचा, उरलेले कॉम्प्युटर सांभाळतो. कॉलेज संपलं आणि पाच जण नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बंगळूरला निघून गेले. मी बिडकीनच्या बाजूला एका कारखान्यात लागलो आणि इथेच, संभाजीनगरात राहिलो. आता सहा जण एका ठिकाणी येतात ते कुणाच्या लग्नात, तेही सगळे आले तर. बाकी आमची भेट म्हणजे रविवारची दुपार. कानाला हेडफोन लावायचे, एकमेकांची आई-बहीण काढायची, मध्येच कुणाचं बाळ रडतं, कुणाच्या कुकरची शिट्टी होते, ते सगळं ऐकत खेळायचं. खेळाचं मला कौतुक होतंच, पण ही दुपार मला त्याहून जास्त हवी होती. टीममधून गेलो तर काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. बाहेर बसलेल्या माणसाला हेडफोन लाव म्हणून कुणी बोलावत नाही.

आणि नेमका मीच गोलकीपर. कॉलेजात खऱ्या मैदानावरही मीच असायचो, म्हणून गेममध्ये जागावाटप करताना कुणी विचारलंसुद्धा नाही.

आमचं घर पडेगावात. दौलताबादकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापर्यंत वायरचं नेट आलेलं आहे, पण आमच्या गल्लीत आलेलं नाही. का, तर म्हणे गल्लीत खांब नाही. खांब कधी येणार, तर म्हणे साहेबांना विचारून सांगतो. हे साहेब मी आजवर पाहिलेले नाहीत. तोवर नेटवाल्याने आमच्या गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून त्यावर ताटाएवढी छत्री बसवून दिली. तिचं तोंड रस्त्यापलीकडच्या टॉवरकडे. मोबाइलच्या नेटवर खेळून पाहिलं, ते त्याहून वाईट. घरात भिंतींतून यायलाच त्याला जड जातं.

नेट वाईट म्हणजे काय, हे न खेळणाऱ्याला वाटतं तसं नाही. व्हिडिओ छान दिसतात, बायकोचं तिच्या बहिणीशी व्हिडिओवर तासन्तास बोलणं होतं, कधी अडकत नाही. गेममध्ये फक्त उशीर होतो, त्यालाच लॅग म्हणतात. मी बटण दाबलं की तो निरोप छत्रीतून टॉवरवर, तिथून कुठल्या तरी लांबच्या शहरात जातो आणि परत येतो. तेवढ्यात पापणी लवते न लवते. पण फुटबॉलमध्ये पापणी लवण्याचा वेळ फार मोठा असतो. पुढच्या खेळाडूचा पास तेवढा उशिरा निघाला तरी तो पासच राहतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. गोलकीपरची उडी तेवढी उशिरा झाली की गोल. सहा जणांत उशीर थोडाफार सगळ्यांनाच असायचा, दिसायचा फक्त माझा.

गोल झाला की हेडफोनमध्ये पहिला आवाज कॅप्टनचा. कॅप्टन म्हणजे माझा सगळ्यात जुना मित्र. हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. आता पुण्यात, घरापर्यंत वायर.

"झोपला का रे?"

"लॅग झालं. मी दाबलं व्हतं."

"तुझं नेहमीचंच हाय."

त्या 'नेहमीचंच'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण गोष्ट खरी होती आणि खरी असूनही ती बहाण्यासारखी ऐकू यायची. आळशी माणसालासुद्धा हेच सांगायचं असतं. माझ्या आणि त्याच्या वाक्यात काडीचा फरक नाही.

मग मी एक उपाय केला. उडी उशिरा होते ना, तर आपणच लवकर निघायचं. समोरचा चेंडू मारेपर्यंत थांबायचंच नाही. त्याचा खांदा कुठे वळतोय, मागचा पाय किती उचलला, एवढं पाहायचं आणि चेंडूला पाय लागायच्या आधीच बटण दाबून मोकळं व्हायचं. निरोप जाऊन येईपर्यंत तो मारतो आणि माझा माणूस बरोबर त्याच वेळी हवेत असतो. हे जमायला फार दिवस लागले. किती तरी रविवार मी त्यात घातले. हळूहळू हाताला ते वळणच पडलं, विचार करावा लागेना. तरी दर रविवारी दोन-तीन गोल व्हायचेच, कारण उशीर कधी थोडा वाढायचा, कधी कमी व्हायचा. पण त्या नेटवर मी जे अडवत होतो ते अडवणं सोपं नव्हतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं. माझे सुटलेले सगळ्यांना दिसायचे, अडवलेले म्हणजे मी माझं काम केलं.

आणखी एक भानगड होती, तिने मला जास्त बदनाम केलं. मधल्या वारी कामावरून आल्यावर मी कधी कधी एकटाच खेळायचो. एकट्याने खेळताना गोलकीपर कुणी होत नाही, पुढे राहून गोल मारायचे असतात. गुरुवार-शुक्रवारी कॅप्टनही कधी जोडीला यायचा. त्या दिवशी माझं नेट झकास. पास बरोबर, धाव बरोबर. कॅप्टनने एकदा तोंडावरच विचारलं, "तुझं नेट रविवारीच जातं का रे? सामना असला की बरोबर?"

मलाही तेच दिसत होतं. शुक्रवारी हिरवं, रविवारी लाल. पडद्याच्या कोपऱ्यात नेटचं एक बारकं चिन्ह असतं, त्याचा तो रंग. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "रविवारी सगळे घरीच असतात न, लोड येतो. गच्चीवरचा पाइप उंच करून देतो, आज येतो." त्याचा 'आज' अजून उजाडलेला नाही.

गौडबंगाल उलगडलं ते बायकोमुळे. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही. एका शुक्रवारी चहा देताना ती म्हणाली, "अहो, एक सांगू? शेजारच्या चाचांच्या घरचं पाणी संपत आलं की तुम्ही लई शांत असता."

"म्हणजे?"

"म्हणजे असं की, नळ येऊन गेला की तुम्ही ओरडता. नळ यायच्या आदल्या दिवशी गुणगुणता. मी कधीची बघतेय."

आमच्या गल्लीला नळ शनिवारी. आठवड्याचं पाणी त्या दिवशी भरून ठेवायचं, त्यामुळे प्रत्येकाच्या गच्चीवर टाक्याच टाक्या. शेजारचे चाचा गल्लीच्या तोंडाशी टेलरिंगचं दुकान चालवतात. मुलाचं लग्न झालं, घरात माणसं वाढली, तेव्हा त्यांनी गच्चीवर विटांचा चौथरा बांधून त्यावर आणखी एक मोठी काळी टाकी चढवली होती. मी कप तसाच ठेवून गच्चीवर गेलो. माझ्या छत्रीच्या मागे उभा राहून टॉवरकडे पाहिलं. टॉवर दिसेना. मध्ये चाचांची टाकी.

टाकी प्लास्टिकची. रिकामी असली तर नेट तिच्यातून आरपार जात असावं. पाण्याने भरली की अडतं. जसजसं पाणी खाली उतरतं तसतसं माझं नेट मोकळं होतं. शनिवारी टाकी काठोकाठ, रविवारी आमचा सामना. मी तिथेच खाली बसलो. हसावं की रडावं कळेना. इतक्या शिव्या खाल्ल्या, त्या एका टाकीपायी.

मी धावत खाली येऊन ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. टाकीचा फोटो टाकला, छत्रीचा टाकला. शेवटी विनंती केली की सामना रविवारऐवजी शुक्रवारी ठेवता येईल का, शुक्रवारी चाचांकडे पाणी कमी असतं.

त्यानंतर जे झालं त्याने मी कायमचा शहाणा व्हायला हवा होतो. एकाने लिहिलं, शाळेत कुत्र्यानं वही खाल्ली होती, आता चाचा नेट प्याले. दुसऱ्याने टाकीला आमच्या टीमचा टी-शर्ट घातलेला फोटो बनवून टाकला. बंगळूरवाला रोज सकाळी विचारायला लागला, आज पाण्याची पातळी काय. कॅप्टनने फक्त हसणारे चेहरे टाकले, पण भरपूर टाकले. खरं सांगतो, मला खोटारडा म्हटलं असतं तर परवडलं असतं. इथे मी आयुष्यात पहिल्यांदा खरं कारण शोधून काढलं होतं आणि तोच माझा सगळ्यात मोठा विनोद झाला.

आठवडाभराने कॅप्टनचा वेगळा फोन आला. आवाजात हसू नव्हतं. ऑनलाइन लीग सुरू होणार होती, त्यात टीमचं नाव द्यायचं होतं. त्याच्या ऑफिसात एक जण चांगला गोलकीपर होता.

"येत्या रविवारी दोन सामने खेळू. पहिल्यात तू, दुसऱ्यात तो. राग मानू नको. जो चांगला खेळंल तो राहील."

"आणि दुसरा?"

"दुसरा... दुसरा हायच की आपला."

आपला म्हणजे काय ते मला कळलं. टीममध्ये जागा सहाच होत्या.

राग तर आला होता, पण कुणावर रागवावं? चाचांवर? त्यांनी पाणी साठवलं, हा काय गुन्हा झाला? आमच्याही गच्चीवर दोन टाक्या आहेत. म्युन्सिपालटीवर रागवावं तर ती कुणाच्या रागाला जुमानत नाही. शुक्रवारी कामावरून येऊन मी चाचांच्या दुकानात गेलो. मोठ्या माणसाला जाऊन सांगायचं की माझ्या खेळासाठी तुमची टाकी हलवा, या विचाराने जीभ उचलेना. पण सांगितलं. सगळं सांगितलं, छत्री, टॉवर, टाकी, गोलकीपर.

चाचांनी मशीन थांबवलं. "पानी नेट कू पिता क्या?"

"पीत नाही चाचा, अडवतं."

"कितने दिन से?"

"टाकी चढवली तेव्हापासून."

"अरे बेटा, मग पहिलंच सांगायचं न! रोज एकमेकांचं तोंड बघतो आपण." चाचा अर्धं मराठी, अर्धं आपल्या घरचं बोलतात. ते खरोखर रागावले होते, पण टाकीवरून नाही, मी न सांगितल्यावरून. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. माझ्या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस होता.

टाकी हलवायची तर रिकामीच हवी, आणि शुक्रवारी ती रिकामीच असते. तळाला उरलेलं पाणी चाचींनी बादल्यांत काढून घेतलं, एक थेंब वाया जाऊ दिला नाही. चाचा, त्यांचा मुलगा आणि मी अशा तिघांनी टाकी चौथऱ्यावरून उतरवून पलीकडच्या कोपऱ्यात नेली. चौथरा तिकडे नव्हता, म्हणून मुलाने विटा रचल्या. पाइप कापून नवा जोडला. माझ्या हाताची साल निघाली. चाचा कमरेवर हात ठेवून माझ्या छत्रीकडे बघत होते, जणू ती आता काही बोलेल.

शनिवारी नळ आला. टाकी भरून वाहायला लागल्याचा आवाज आला तसा मी पळत जाऊन गेम सुरू केला. कोपऱ्यातलं चिन्ह हिरवं. दुपारी हिरवं, संध्याकाळी हिरवं. बायको म्हणाली, "अहो, जेवा आता, ते कुठं पळून जात नाय." मी ग्रुपवर लिहिलं: टाकी हलवली आहे. भरलेली आहे. नेट काचेसारखं स्वच्छ. उद्या माझ्याकडे कसलंही कारण नाही. या.

असं लिहिण्याची काही गरज होती का? पण इतके महिने कोंडलेला राग कुठून तरी बाहेर पडणारच.

रविवारी सामना सुरू झाला. बायको मुद्दाम बाजूला येऊन बसली. पहिल्या काही मिनिटांतच समोरचा एक जण चेंडू घेऊन एकटा आत घुसला. मी त्याचा खांदा पाहिला, मागचा पाय उचललेला पाहिला, हाताने आपोआप बटण दाबलं. आणि माझा माणूस त्याच क्षणी उडाला. इतक्या चटकन त्याने माझं कधीच ऐकलं नव्हतं. तो डावीकडे जमिनीवर आडवा पडला आणि समोरच्याने अजून चेंडू मारलाच नव्हता. त्याने पाय थांबवला, माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं, आणि उजवीकडच्या मोकळ्या जाळीत चेंडू ढकलला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "त्यानं अजून मारला नव्हता."

कॅप्टनने या वेळी 'झोपला का'सुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं की थांबायचं. समोरचा आला, मी स्वतःला बजावलं, थांब, थांब, आणि हात लवकर गेलाच. पुन्हा गोल. तिसऱ्या वेळी इतका थांबलो की दाबायचंच राहून गेलं. हाताला मी एक सांगत होतो आणि तो त्याला शिकवलेलं करत होता. ज्याच्या जोरावर मी वाईट नेटवर टिकून राहिलो, त्यानेच मला चांगल्या नेटवर बुडवलं. सामना संपेपर्यंत किती झाले ते मी मोजलं नाही. कोपऱ्यातलं चिन्ह शेवटपर्यंत हिरवं होतं. एकदा तरी लाल व्हावं असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या सामन्यात तो ऑफिसवाला उभा राहिला. शांतपणे थांबायचा, चेंडू निघाला की निघायचा. तेवढंच करायचं असतं.

संध्याकाळी कॅप्टनचा फोन आला. तो चिडला असता तर मी भांडलो असतो. पण तो फार सांभाळून बोलत होता.

"नेट कसं व्हतं आज?"

"चांगलं व्हतं."

"नक्की ना? काही असंल तर सांग. मी पुढच्या रविवारी परत ठेवतो."

तिथे मी नुसतं 'लॅग होतं' म्हणालो असतो तर जागा वाचली असती. त्याने दार उघडून धरलं होतं. पण दोनच दिवसांपूर्वी चाचांनी टाकी हलवली होती आणि नेटबद्दल मी आजवर एकदाही खोटं बोललो नव्हतो. ते आता सुरू करायचं माझ्या जिवावर आलं. मी त्याला खरं सांगितलं. इतके दिवस उशीर धरून खेळायची सवय लागली, हात आधी जातो, आता उशीरच नाही तर मी चेंडूच्या आधी पोचतो. मला थोडे दिवस दे, सवय मोडतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे नेट वाईट व्हतं तवा वाईट नेटमुळं, आणि चांगलं झालं तवा चांगल्या नेटमुळं?"

"व्हय," मी म्हणालो.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "बरं," तो म्हणाला, "लीग संपू दे, मग बघू," आणि त्याने बायकोची चौकशी केली, कारखान्याची केली, जशी लोक लांबच्या नातेवाइकांकडे करतात.

पुढच्या रविवारी दुपारी मी जेवून गच्चीवर गेलो. खाली घरात बसवत नव्हतं. ग्रुपवर थोड्या वेळाने निरोप आला, लीगचा पहिला सामना आपण जिंकलो, एकही गोल खाल्ला नाही. सगळ्यांनी एकमेकांना शाबासकी दिली होती. मलाही कुणी वगळलं नव्हतं, 'आपण' म्हणजे त्यात मीही आलो. मी अंगठा टाकला.

पलीकडच्या गच्चीवर चाचा टाकीचं झाकण लावायला आले होते. मला पाहून त्यांनी हात वर केला. "क्या बेटा, नेट बराबर है न अब?"

"एकदम बराबर, चाचा."

"मॅच था न आज? जीते क्या?"

"जीते चाचा," मी म्हणालो.